मस्यू वोद्रेल यांच्या गाईची दवंडी

१

मस्यू वोद्रेल यांची गाय चोरीला गेली, ती बातमी पोचली तेव्हा ओझेरे गावचा रखवालदार ओनेझीम कोबीच्या सूपमध्ये पाव बुडवत होता. रविवारची मोठी प्रार्थना नुकतीच संपली होती. त्याच्या नोकरीत आजवर कोंबड्या गेल्या होत्या, विहिरीची बादली गेली होती, आणि एकदा पाद्रीबुवांची छत्री गेली होती, ती पाद्रीबुवांच्याच हाताला लटकलेली सापडली. त्या मानाने गाय म्हणजे बढती होती.

"ओनेझीमबाबा, दादाची गाय गेली!" वोद्रेलची बहीण ऑरेली दारातच ओरडली. धावून धावून तिची टोपी एका कानावर आली होती.

"रंग?" ओनेझीमने विचारलं आणि पाव खाली ठेवला.

"पांढरी. पाठीवर तांबडा डाग. एक शिंग वाकडं."

"शेवटची कुठे दिसली?"

"तळ्याकाठी. मान वळवून मागे बघत उभी होती. नेहमीसारखी."

"खुरांच्या खुणा?"

"एक नाही! गवत जसंच्या तसं. पातं मोडलेलं नाही."

"म्हणजे चोर अनुभवी आहे," ओनेझीम म्हणाला. त्याने पितळी बिल्ला छातीवर लावला, खुंटीवरचा ढोल गळ्यात अडकवला आणि तो निघाला. ऑरेली मागून काहीतरी सांगत होती, पण ढोल वाजायला लागला की ओनेझीमला स्वतःशिवाय कोणाचंच ऐकू येत नसे.

"ऐका हो ऐका! मस्यू वोद्रेल यांची पांढरी गाय हरवली आहे! पाठीवर तांबडा डाग! एक शिंग वाकडं! कोणास आढळल्यास मस्यू वोद्रेल यांच्या अंगणात आणून बांधावी!"

ओझेरेची माणसं मदतीला नेहमीच तत्पर, विशेषतः रविवारी, जेव्हा दुसरं काही करायला नसतं. संध्याकाळपर्यंत वोद्रेलच्या अंगणात चार गाई जमा झाल्या. एक पांढरी होती. एकीला डाग होता. एकीचं शिंग वाकडं होतं. चौथीत यातलं काहीच नव्हतं, पण आणणाऱ्याचं म्हणणं होतं की तिची नजर संशयास्पद आहे.

मस्यू वोद्रेल पायरीवर आले. उंच, वाकलेले, दाढीला हिरवा रंग लागलेला. पॅरिसच्या प्रदर्शनात पदकं मिळवलेला हा चित्रकार गावात राहतो, याचा ओझेरेला अभिमान होता. त्याची चित्रं मात्र कोणी कधी निरखून पाहिली नव्हती. ते चारही गाईंकडे बराच वेळ बघत राहिले.

"या कोणाच्या?"

"तुमची कुठली ते ओळखा," ओनेझीम म्हणाला. "बाकीच्या परत करू."

"पण माझ्याकडे गाय नाही, ओनेझीमबाबा. कधीच नव्हती."

ओनेझीमने ऑरेलीकडे पाहिलं.

"मी सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही ढोल उचललात आणि सुटलात."

वोद्रेल त्याला आत स्टुडिओत घेऊन गेले. खिडकीसमोर ईझलवर दारापेक्षा रुंद चित्र उभं होतं. पहाटेचं तळं, विलोची झाडं, धुकं, आणि काठावर ओलं, उंच गवत. वोद्रेलनी त्या गवतातल्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे होती," ते म्हणाले.

२

ओनेझीम चित्राजवळ गेला, मग लांब गेला, मग त्याने खाली वाकून चित्राच्या मागे पाहिलं. गाय तिथेही नव्हती.

"सकाळी होती?"

"प्रार्थनेला निघताना होती. आलो तर हे." वोद्रेल खुर्चीत बसले. "परवा जिल्ह्याच्या संग्रहालयातून मस्यू फुकार येतायत, चित्र न्यायला. वसंतात पाहून गेले तेव्हा त्यांनी ना तळ्याचं नाव काढलं, ना आभाळाचं. सारखे म्हणत होते, ती गाय! जणू कोणी नावाने हाक मारलीय आणि तिने वळून पाहिलंय! गाय नसेल तर ते काय नेणार? गवत?"

"गवत चांगलं आहे," ओनेझीम म्हणाला.

"तेच तर. हे गवत माझं नाही. माझं इतकं बारीक नसतं. एकेक पातं केसासारखं काढलंय."

ओनेझीम बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघायला लागला. खिडकीचा उजेड सगळ्या चित्रावर चकाकत होता. झाडांवर, पाण्यावर, धुक्यावरसुद्धा. फक्त गाय गेली होती तिथे चकाकी नव्हती. तेवढ्या भागावर ढग आला असावा, असं त्याला वाटलं. मग त्याने नाक पुढे केलं.

"लसूण आहे का हो घरात?"

"या घरात? लसूण?" ऑरेलीचा आवाज चढला. "आम्ही उत्तरेकडची माणसं आहोत, बाबा! लसूण दक्षिणेकडचे खातात!"

"मग इथे वास कसला येतोय?"

"त्या इझिदोरचा असेल. तो पलीकडच्या गल्लीतून गेला तरी माझं लोणी नासतं."

इझिदोर म्हणजे खाणावळीत उतरलेला तरुण चित्रकार. तो चर्चला जात नसे. म्हणजे सकाळी मोकळा तोच होता. शेजारची झेलीही डोकं दुखतं म्हणून घरी राहिली होती. आणि खुद्द ऑरेली, भट्टीतलं बदक करपेल म्हणून, प्रार्थना अर्धी टाकून आली होती. स्टुडिओला कुलूप नव्हतं. ओझेरेत कुलूप फक्त दारूच्या कपाटाला असतं.

"तुमचं त्या गाईशी काही वाकडं होतं का?" ओनेझीमने ऑरेलीला विचारलं.

"होतं!" ती ताडकन म्हणाली. "मी केर काढायला लागले की ती माझ्याकडे बघायची. या कोपऱ्यात जा, त्या कोपऱ्यात जा, बघतेच आहे. पण मला हात लावायचा असता तर तिच्यासकट तळंही पुसून काढलं असतं. मी अर्धवट साफसफाई करत नाही."

हे खरं होतं. ओनेझीमने तिला संशयितांतून काढून टाकलं.

"एवढं काय मनाला लावून घेता, मस्यू?" तो म्हणाला. "तुम्ही एवढे मोठे चित्रकार. दुसरी काढा ना. परवापर्यंत होईल."

 वोद्रेलनी कोळशाची कांडी घेतली, एक कागद पुढे ओढला, आणि दात ओठ खात काहीतरी काढलं. ओनेझीमने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बाक छान आलाय," तो म्हणाला.

"ती गाय आहे."

 अंगणातल्या चौघींपैकी एक हंबरली, तेही जरा अपमान झाल्यासारखं.

वोद्रेलनी कांडी खाली ठेवली. "मला गाय येत नाही, ओनेझीमबाबा. माझ्या एकाही चित्रातली गाय माझी नाही."

३

गाई प्रॉस्पेरच्या होत्या.

प्रॉस्पेर गिलार शेजारच्याच घरात राहायचा. वोद्रेल झाडं, पाणी, आभाळ संपवायचे, मग कुंपणावरून हाक मारायचे, आणि प्रॉस्पेर आपले ब्रश घेऊन यायचा, दुपारभर शीळ घालत बसायचा, आणि निघताना काठावर गाय उभी असायची. सही वोद्रेलची. फेब्रुवारीत प्रॉस्पेर छातीच्या दुखण्याने गेला. तळ्याकाठची ही त्याची शेवटची गाय.

"आमच्यात हे चालतंच," दुसऱ्या दिवशी सकाळी खाणावळीत इझिदोर म्हणाला. त्याच्या पुढ्यात लसणाचं सूप होतं, आणि ते त्याच्यापासून वेगळं कुठे सुरू होतं ते सांगणं अवघड होतं. "एकाचा हात झाडावर बसतो, दुसऱ्याचा गाईवर. चित्र विकत घेणाऱ्याला सांगत नाहीत इतकंच."

"शनिवारी इथेच ओरडलात म्हणे, त्या चित्रातली गाय काढा म्हणून."

"ओरडलो! आजही ओरडतो! पहाटेच्या तळ्याला गाय कशाला लागते? तळं स्वतःच्या पायांवर उभं राहू शकत नाही का?"

"तळ्याला पाय नसतात," ओनेझीमने लक्षात आणून दिलं.

"बाबा, मी आत्ता म्हाताऱ्याकडूनच येतोय. फार खचलाय. मी त्याला एक उपाय सांगून आलोय. तुम्ही तुमचा चोर शोधा."

उपाय कसला हे ओनेझीमने विचारलं नाही. पुढे त्याला याचा फार पश्चात्ताप झाला.

तिथून तो झेलीकडे गेला. प्रॉस्पेरची ही बायको पंखे रंगवायची, पॅरिसच्या बायका नाचाच्या वेळी हातात धरतात ते घडीचे, रेशमी. खिडकीशी तिचं टेबल होतं. रंगवून झालेले पंखे एका बाजूला मांडलेले, आणि त्यांवर पातळ जाळीचं कापड अंथरलेलं.

"काळजी घेताय," ओनेझीम म्हणाला.

"घ्यावी लागते, बाबा. माशा येऊन फुलं चाटतात." तिने वर न बघता उत्तर दिलं. तिच्या ब्रशाला तीनच केस असावेत. "बसा. काल दवंडी ऐकली. मस्यू वोद्रेल यांची गाय, म्हणालात."

"तसंच सांगितलं होतं मला."

"हो. तसंच सांगतात सगळे."

ओनेझीमने टोपी गुडघ्यावर फिरवली. तो आणि प्रॉस्पेर डॉमिनो खेळायचे. त्याची आठवण निघेल म्हणून तो या घरात फारसा येत नसे. "दफनाला भाषण चांगलं केलं मस्यू वोद्रेलनी," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

झेलीचा ब्रश थांबला. "काय म्हणाले आठवतं?"

"म्हणाले, प्रॉस्पेरसारखा डॉमिनो खेळणारा जिल्ह्यात नव्हता."

"आणि कसा खेळायचा तो?"

ओनेझीमने प्रामाणिकपणे विचार केला. "फार वाईट. माझ्याशीसुद्धा हरायचा."

"बघा," झेली म्हणाली, आणि तिने पुन्हा ब्रश उचलला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलला नाही. "माझं डोकं दुखतंय, बाबा. या आता."

४

अंगणातल्या गाई अजून तिथेच होत्या. ऑरेली बिचारी त्यांना गवत घालत होती, आणि मालकांना वाटलं, फुकट खातायत तर खाऊ दे दोन दिवस. सप्टेंबरचं ऊन, चार गाई, उघड्या खिडक्या. दुपारी ओनेझीम पुन्हा स्टुडिओत शिरला तेव्हा आत माशांची जत्रा भरली होती. वोद्रेल खाली जेवत होते.

हा सगळा त्याच्या दवंडीचाच परिणाम होता. त्याला मनातून लाज वाटली. पंख्यासारखी टोपी हलवत तो माशा हाकलायला चित्रापाशी गेला आणि तिथेच थांबला.

आभाळावर एकही माशी नव्हती. विलोवर नव्हती. तळ्यावर नव्हती. सगळ्याच्या सगळ्या माशा गवतातल्या एकाच जागी बसल्या होत्या, एकमेकींना खेटून. चार पायांवर बसल्या होत्या. पाठीवर, पोटावर, शेपटीवर. एक शिंग सरळ, एक वाकडं. वळवलेली मान.

तळ्याकाठी माशांची गाय उभी होती.

माशांना सवयीने कळलं असेल, हा त्याचा पहिला विचार. आयुष्यभर गाईंवर बसणारा प्राणी, तो चित्रातली जागाही बरोबर ओळखणार. पण मग वाटलं, गाय होती तेव्हा या कधी बसल्या नाहीत. गाय गेल्यावर बसल्या. म्हणजे त्यांना गाईत रस नव्हता. त्यांना गवतात रस होता.

त्याने टोपी हलवली. माशा उडाल्या आणि गाय पुन्हा नाहीशी झाली. ओनेझीमने इकडे तिकडे पाहिलं, बोट ओलं केलं, त्या निस्तेज गवतावर हलकेच टेकवलं. बोट हिरवं झालं. जिथे टेकवलं होतं तिथे, वाटाण्याएवढ्या ठिपक्यात, पांढरं काहीतरी दिसत होतं.

मग त्याने बोट चाटलं.

गवत गोड होतं.

५

"रंग खाता?" इझिदोर किंचाळला. ओनेझीम खाणावळीतल्या त्याच्या खोलीत रंगपेटीवर वाकून बोट फिरवत होता. "बाबा, पांढऱ्याला तोंड लावू नका! शिसं आहे त्यात! मराल!"

"गोड आहे का यातलं एखादं?"

"तेलातले रंग आहेत. गोड कसे असतील?"

"आणि तेलाच्या रंगावर पाण्यातला रंग बसतो का?"

"नाही बसत. थेंब थेंब होऊन ओघळतो. हां, आधी लसणाची पाकळी चोळली तर धरतो. जुनी युक्ती आहे." इझिदोरचा चेहरा पडला. "अहो, पण म्हणून मी नाही! लसूण मी फक्त खातो!"

"माहीत आहे," ओनेझीम म्हणाला. तो पेटीवर बसला, कारण त्याला बसून विचार करायची सवय होती. "तुम्हाला ती गाय नको होती. नको असलेली गाय माणूस कशाने काढतो? चाकूने. खरवडून. तुमच्यासारखा तापट माणूस तर नक्कीच. पण हा चोर आधी लसूण चोळतो, मग पाण्यातल्या रंगाने हळूहळू, एकेक पातं काढून, गाय झाकतो. ओलं फडकं फिरवलं की ती पुन्हा वर येईल अशी. नको असलेल्या गाईसाठी इतके कष्ट कोण घेतं? ज्याने हे केलं, त्याची ती लाडकी होती."

"पण गोड का?"

"मध. रंग वाळल्यावर तडकू नये म्हणून घातलेला मध. तो कोणाला लागतो? ज्याचं चित्र रोज घडी घालून मिटतं त्याला."

 "पंखा," इझिदोर म्हणाला. आणि मग त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "बाबा. मी म्हाताऱ्याला सकाळी जो उपाय सांगितला ना..."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, गाय येत नाही तर नाही. तुम्हाला झाडं येतात. त्या रिकाम्या जागी एक मोठा विलो लावून टाका. दुपारी जेवण झालं की बसतो म्हणाला. तेलाच्या रंगात. एकदा वाळला की, बाबा, त्या गाईवर कायमचं झाड उगवेल."

ओनेझीम उठला. मांडीवर हिरवा रंग, दातांवर हिरवा रंग, तसाच पळत सुटला. त्याला पळताना पाहून दोन घरांतून माणसं बाहेर आली. ओनेझीम पळतोय म्हणजे आग लागली असणार, असा त्यांचा समज झाला, आणि एकाने बादली आणली.

६

"झेलीबाई," तो दारातच धापा टाकत म्हणाला. "गवत तुमचं आहे."

झेलीने पंखा मिटला. रंग मोडला नाही, तडा गेला नाही, फुलं घडीत शिरली आणि पुन्हा उलगडली. तिने नाकारलं नाही.

"मला कळायला हवं होतं, माशा सांगून टाकतील," ती म्हणाली.

"पण का? तुमच्याच नवऱ्याची गाय. त्याची शेवटची."

"गाय होती तोवर कोणी विचारलं का, ही कोणाची?" ती शांतपणे म्हणाली. "वर्षानुवर्षं लोक यायचे, वाहवा करायचे, मस्यू वोद्रेलचा हात दाबायचे. प्रॉस्पेर मागे उभा राहून हसायचा. म्हणायचा, झेली, गाईला कशाला हवी सही? तो होता तोवर मीही हसले. मग त्या दिवशी कबरीपाशी तोंड उघडून काय म्हणाले? डॉमिनो. मला वाटलं, एकदा गाय जाऊ दे. रिकामी जागा दिसली की तरी विचारतील. आणि त्यांना सांगावं लागेल की मला काढता येत नाही, काढणारा गेला." ती जरा थांबली. "आणि दुसरं म्हणजे, मलाच तिथे उभं राहवेना."

"तुम्हाला?"

"गाय कधी मान वळवून इतका वेळ थांबते का, बाबा? तो मला म्हणायचा, झेली, जरा चालत जा गं. मी चालायला लागले की मागून हाक मारायचा. मी वळून बघायची. तेवढी नजर तो घ्यायचा. बाकीचं अंग गाईचं."

ओनेझीमला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत जिन्यावर टांगलीय ती गाय..."

"मी."

"आणि नोटरींच्या दिवाणखान्यातली?"

"तीही मीच. तिथे जरा जाड झालेय." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आता हाक मारणारा नाही. मी कोणाकडे वळून बघत उभी राहू?"

 ओनेझीमला फक्त एक बातमी ठाऊक होती.

"झेलीबाई, मस्यू वोद्रेल त्या जागी झाड लावतायत. तेलाच्या रंगात. आत्ता."

ती उठली तेव्हा खुर्ची पडली.

स्टुडिओत वोद्रेल ईझलपुढे उभे होते. ब्रशाला गडद हिरवा रंग, आणि गवतात विलोचं खोड टीचभर वर आलेलं. झेली वाऱ्यासारखी आत शिरली. तिने खिडकीतली पाण्याने भरलेली फुलदाणी उचलली, एप्रनचं टोक तिच्यात बुडवलं, आणि वोद्रेलचा हात बाजूला सारून ती पुसायला लागली. गवत विरघळलं. खोडाखाली मधाचा रंगच होता, म्हणून खोडही त्याच्याबरोबर सुटून आलं. हिरवं पाणी चौकटीवरून जमिनीवर ठिबकलं. आधी शिंग आलं, वाकडं. मग कपाळ. मग तो डोळा.

वोद्रेलनी ब्रश खाली ठेवला.

गाय त्यांच्याकडे बघत होती. झेलीही वळून त्यांच्याकडेच बघत होती. वोद्रेल एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. इतकी वर्षं या नजरेशेजारी झाडं काढली, पण ती नजर कोणाची हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अरे देवा," ते म्हणाले. "झेली."

 ती पाण्याने भिजलेला एप्रन दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"मी दर वेळी ठरवायचो, या वेळी सांगतो," वोद्रेल म्हणाले.  "मग लोक हात दाबायचे, आणि मला वाटायचं, पुढच्या वेळी. कबरीपाशीसुद्धा तोंडाशी आलं होतं, आणि शेवटच्या क्षणी मी... मला डॉमिनोच सुचलं."

"तो डॉमिनोत हरायचा," झेली म्हणाली.

"माझ्याशीसुद्धा," दारातून ओनेझीम म्हणाला. कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

वोद्रेलनी मान खाली घातली आणि लहान मुलासारखे रडले.  झेलीने एप्रनचं कोरडं टोक शोधून त्यांच्या दाढीतला हिरवा रंग पुसला. तो निघाला नाही. तेलाचा होता.

इतक्यात बादलीवाला पोचला. आग कुठे आहे ते त्याने विचारलं, आणि नाही म्हटल्यावर पाणी गाईंना पाजून गेला.

७

मंगळवारी मस्यू फुकार आले. उंच टोपी, चष्मा, बरोबर चित्र न्यायला दोन माणसं. ते थेट तळ्याकाठच्या गाईपाशी गेले.

"हीच ती! पुन्हा सांगतो, मस्यू वोद्रेल, ही गाय काढायला विलक्षण हात लागतो."

"लागतो," वोद्रेल म्हणाले. "माझ्याकडे तो नाही. ही प्रॉस्पेर गिलारने काढली. या त्याच्या पत्नी."

ओनेझीम कोपऱ्यात श्वास रोखून उभा होता. ऑरेलीने डोळे मिटले होते. मस्यू फुकारनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. झेलीकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग पुन्हा झेलीकडे, जरा जास्त वेळ.

"मग चौकटीखालच्या पाटीवर दोन नावं लागतील," ते म्हणाले. "पाटी लांब करावी लागेल. ठीक आहे. चित्रही लांबच आहे."

वोद्रेलनी बारीक ब्रश घेतला. आपल्या सहीशेजारी, गाईच्या खुरापाशी, त्यांनी प्रॉस्पेरचं नाव लिहिलं.  इझिदोर सांत्वनासाठी पुढे झाला आणि म्हणाला की गाय आता त्याला तितकीशी खटकत नाही. ऑरेलीने त्याला खिडकी उघडून तिथेच उभं राहायला सांगितलं.

"आणि चोर?" मस्यू फुकारनी विचारलं. वाटेत त्यांना गावकऱ्यांनी सगळं सांगितलं होतं, चारही गाईंसकट.

"चोराने घेतलेलं परत केलं," वोद्रेल म्हणाले. "माझ्याकडच्या अजून पुष्कळ गाई परत करायच्या आहेत."

चित्र गाडीत चढलं. गाडी चर्चच्या वळणाआड गेली, तेव्हा झेली घरी निघून गेली होती. तिला ते जाताना बघायचं नव्हतं.

ओनेझीम घरी गेला, बिल्ला लावला, ढोल गळ्यात अडकवला. खरं तर दवंडी चौकातून सुरू करायची असते. तो सरळ झेलीच्या खिडकीखाली गेला. ती आत टेबलापाशी पाठमोरी बसली होती, पंख्यावर वाकलेली.

"ऐका हो ऐका!" ओनेझीम ओरडला. "रविवारी हरवलेली पांढरी गाय सापडली आहे! ती तळ्याकाठीच उभी होती! मस्यू वोद्रेल यांच्या अंगणातल्या चार गाई ज्याच्या त्याने घेऊन जाव्यात! तसेच रविवारच्या दवंडीत रखवालदाराकडून एक चूक झाली, ती समस्त गावाने दुरुस्त करून घ्यावी! ती गाय मस्यू वोद्रेल यांची नव्हती! ती गाय प्रॉस्पेर गिलार यांची होती! तिच्या आधीच्याही सगळ्या गाई प्रॉस्पेर गिलार यांच्याच होत्या!"

दारं उघडली. माणसं पायऱ्यांवर आली. कोणीतरी दुसऱ्याला विचारलं, प्रॉस्पेरकडे एवढ्या गाई होत्या?

खिडकीत झेलीने ब्रश ठेवला. तिने मान वळवली आणि खाली पाहिलं, मागून कोणी नावाने हाक मारावी तसं. ओनेझीमने ती नजर ताबडतोब ओळखली. तळ्याकाठची होती. जिल्ह्याच्या कचेरीतल्या जिन्यावरची होती.

त्याने टोपी काढली. मग ढोल सावरला आणि दवंडी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, कारण ती अजून बघत होती.